प्रकाशाचा पीळ

सुंभ जळतो पण पीळ जळत नाही, अशी आपल्या भाषेत एक जुनी म्हण आहे. ज्याने ही म्हण रचली त्याच्या डोळ्यांपुढे एखादा हट्टी माणूस असावा. त्यामुळे पीळ ह्या शब्दास व्यवहारात थोडी बदनामीच आली. वस्तुतः पिळावाचून जगाचे चालत नाही. कापसाच्या तंतूंस पीळ दिल्यावाचून सूत होत नाही, सुतास पीळ दिल्यावाचून दोर होत नाही, आणि देवापुढे तेवणारी वातदेखील बोटांनी वळलेली, म्हणजे पीळ दिलेलीच असते. वाती वळण्याचे काम आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या. परंतु खुद्द प्रकाशासच पीळ देता येईल, आणि त्या पिळावर निरोप चढवून तो दूरदेशी धाडता येईल, असे कोणी म्हटले असते तर त्यास आपण कवी तरी ठरविले असते, नाही तर वेडा तरी. आज ही गोष्ट प्रयोगशाळांत सिद्ध झालेली आहे, आणि तिचाच थोडा परामर्श येथे घ्यावयाचा आहे.

ह्या विषयाकडे मी वळलो तो निव्वळ कुतूहलाने नव्हे. माझे शालेय शिक्षण मॅट्रिकपुरते; पुढे पाठशाळेत संस्कृत शिकलो आणि सारी हयात मुलांस तेच शिकविण्यात गेली. पदार्थविज्ञान हा माझा प्रांत नाही. पण आमची नात यंदा लातुरास बारावीत आहे. लातुरास शिकावयास ठेवलेले मूल डॉक्टर होऊनच परतावयाचे, असे आमच्या अहमदपुरात बहुतेक घरांत गृहीत धरलेले असते. दिवाळीच्या सुटीत ती घरी आली आणि तिने सांगून टाकले की, तिला वैद्यकीकडे जावयाचे नाही. पुण्याच्या आयसर संस्थेत जाऊन प्रकाशाचा, आणि त्यातही ह्या पिळलेल्या प्रकाशाचा, अभ्यास करावयाचा आहे. आमचे थोरले बंधू, ज्यांस सारे घर दादा म्हणते, त्यांनी एकच प्रश्न विचारला, “त्याचा उपयोग काय?”

हा प्रश्न द्रव्यलोभाचा नव्हता. आमच्या थोरल्या वहिनींस काही वर्षांपूर्वी एका रात्री छातीत कळ आली आणि नांदेडास नेत असता वाटेतच त्या गेल्या. तेव्हापासून आपल्या घरात, आपल्या गावात, आपला एक डॉक्टर असावा अशी दादांच्या मनाने घेतले आहे. अशा माणसास ‘ज्ञानासाठी ज्ञान’ हे उत्तर देऊन वाटेस लावणे मला प्रशस्त वाटेना. म्हणून नातीने दिलेली टिपणे पुढे ठेवून, आणि जेथे अडले तेथे तिलाच विचारून, मी हा विषय दोन महिने समजून घेतला.

प्रथम आजची स्थिती पाहू. परगावी किंवा परदेशी असलेल्या मुलाचा आवाज आणि त्याचे पडद्यावर दिसणारे मुख, ही दोन्ही आपली बहुतेक वाट काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या रूपाने चालून येतात. हा तंतू १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा हिस्सा, जाड असतो. आणि प्रकाश ज्यातून जातो तो आतला गाभा अवघा सुमारे ९ मायक्रॉनचा. गाभ्याभोवती किंचित निराळ्या गुणाच्या काचेचे आवरण असल्यामुळे आत शिरलेला प्रकाश बाहेर न पडता आतल्या आत पुढे जात राहतो. विहिरीचे पाणी कितीही नितळ असले तरी तळचा दगड दिसत नाही. ही काच मात्र इतकी शुद्ध असते की, १५ किलोमीटर चालून गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक असतो. अहमदपुराहून लातूर साठ-सत्तर किलोमीटर. एवढ्या मजलेनंतरही सुमारे विसावा हिस्सा प्रकाश पोचेल. असा तंतू आपल्या मराठवाड्यातच तयार होतो. छत्रपती संभाजीनगराजवळ वाळूज व शेंद्रा येथे स्टरलाइट टेक्नॉलॉजीज ह्या कंपनीचे कारखाने आहेत. अतिशुद्ध काचेची जाड कांडी उंच मनोऱ्यावरील भट्टीत सुमारे २००० अंशांपर्यंत तापवावयाची आणि तिच्या मऊ झालेल्या टोकापासून, मधाची धार सुटावी तसा, हा तंतू खाली ओढून घ्यावयाचा, अशी ती कृती आहे. केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केलेल्या आणि २०१५ पासून भारतनेट ह्या नावाने चाललेल्या योजनेत देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती अशाच तंतूंनी जोडण्याचे योजिले आहे.

आता एका तंतूतून निरोप तरी किती जावे? त्यासाठी शास्त्रज्ञांनी प्रकाशाचा एकेक गुण कामास जुंपला. प्रकाशाचे तेज कमीअधिक करता येते व त्याच्या लहरीची वेळ मागेपुढे करता येते, हा पहिला उपाय. निरनिराळ्या तरंगलांबीचे, म्हणजे सोप्या भाषेत निरनिराळ्या रंगांचे, ऐंशी-शंभर किरण एकत्र सोडून पैलतीरी ते पुन्हा वेगळे करता येतात, हा दुसरा. लहरीचे डोलणे उभे असू शकते किंवा आडवे. त्यामुळे प्रत्येक रंगाच्या दोन वाटा होतात, हा तिसरा. ह्या सर्वांचा उपयोग करूनही आजच्या साध्या तंतूची मर्यादा सेकंदास सुमारे १०० टेराबिट मानतात. एक टेराबिट म्हणजे ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगणाऱ्या एक लाख कोटी खुणा. हा आकडा आपणास अफाट वाटतो, परंतु मागणी दरसाल वाढतच आहे. तेव्हा आणखी तंतू पुरीत बसावे, की प्रकाशाचा आजवर न वापरलेला एखादा गुण आहे काय ते पाहावे, असा प्रश्न उभा राहिला. पीळ हा तसा गुण आहे.

लेसरचा साधा किरण घेतला तर त्यातील लहरींची शिखरे एकामागून एक ठेवलेल्या सपाट थाळ्यांसारखी पुढे सरकतात. पिळलेल्या किरणात ती थाळ्यांसारखी नसून मळसूत्राच्या आट्यासारखी, किंवा मनोऱ्यातील चक्राकार जिन्यासारखी, असतात. एका तरंगलांबीत हा जिना एक फेरा घेत असेल तर पीळ एक. दोन जिने एकमेकांत गुंफलेले असतील तर पीळ दोन. तीन असतील तर तीन. जिना उजवीकडे वळेल किंवा डावीकडे. म्हणून पिळाची संख्या धन किंवा ऋण असते, पण ती नेहमी पूर्णांकच. दीड पिळाचा किरण तयार करू गेल्यास तो टिकत नाही, पूर्णांकी पिळांच्या मिश्रणातच त्याची गणना होते. अशा किरणाची एक खूण डोळ्यांसही दिसते. तो भिंतीवर पाडला असता मध्ये ठिपका न पडता बांगडीसारखे कडे उमटते, आणि मध्यभाग अगदी काळा राहतो. कारण जिन्याच्या साऱ्या पायऱ्या आसाशी एकत्र येतात, आणि तेथे प्रत्येक लहरीस तिच्या विरुद्ध लहर भेटून दोघींचा लोप होतो.

ह्याचा निरोप धाडण्याशी संबंध असा. एकाच रंगाचे, पण एक, दोन, तीन अशा निरनिराळ्या पिळांचे किरण एकाच आसावरून एकत्र सोडले तरी ते तत्त्वतः एकमेकांत मिसळत नाहीत. पैलतीरी समजा तीन पिळांचा किरण हवा आहे. तेथे येणाऱ्या सर्व प्रकाशास तीन उलट पीळ देणारी तबकडी ठेवावयाची. तीन पिळांचा किरण तेवढा सुटा होऊन साधा होतो आणि त्याच्या मध्यभागी तेजस्वी ठिपका उमटतो. बाकीच्यांत काही ना काही पीळ उरतोच, म्हणून त्यांचा मध्य काळाच राहतो. मधला ठिपका टिपला की तीन पिळांवरील निरोप हाती आला. प्रत्येक पीळ ही अशी एक स्वतंत्र वाट झाली.

हे वाचीत असता मला माझ्या विषयातील दोन काव्यांचे स्मरण झाले. बाराव्या शतकातील कविराज ह्या कवीच्या ‘राघवपांडवीय’ काव्यात तेच श्लोक एका अर्थाने रामायण सांगतात आणि दुसऱ्या अर्थाने महाभारत. सतराव्या शतकातील वेंकटाध्वरीने तर ‘राघवयादवीय’ रचून त्याहून नवल केले. त्यातील श्लोक सरळ वाचला तर रामकथा आणि तीच अक्षरे शेवटाकडून उलट वाचली तर कृष्णकथा. अक्षरे तीच, जागा तेवढीच, पण वाचण्याची दिशा ज्यास ठाऊक आहे त्यास एका ओळीत दोन कथा लाभतात. उजव्या आणि डाव्या पिळाचे दोन किरण एकाच जागेतून दोन निरोप नेतात ते मला ह्या दृष्टांताने चटकन उमगले, आणि नातीसही तो पसंत पडला. मात्र ह्यावरून आपल्या पूर्वजांस ही विद्या अवगत होती असे कोणी म्हणू लागेल तर त्यात त्या कवींचाही गौरव नाही आणि शास्त्रज्ञांचाही नाही. दृष्टांत हा समजण्यापुरता असतो. तो पुरावा नव्हे. शिवाय कवीस दोन कथा एका श्लोकात बसविण्यासाठी अक्षराक्षराशी झगडावे लागले. प्रकाशात ही सोय निसर्गतःच आहे, आणि ती दोनांवर थांबत नाही.

ही विद्या हळूहळू कशी उलगडत गेली ते पाहण्यासारखे आहे. गोलाकार डोलणाऱ्या प्रकाशात फिरविण्याची शक्ती असावी, असे इंग्लंडातील पॉइंटिंग ह्यांनी १९०९ साली मांडले. प्रकाशकणास स्वतःभोवतीची गिरकी असते ह्याचा प्रायोगिक पुरावा म्हणून चंद्रशेखर वेंकट रामन आणि सूरी भगवंतम् ह्यांनी १९३१ साली आपल्याच देशात निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेत रिचर्ड बेथ ह्यांनी १९३६ साली बारीक तंतूला टांगलेली स्फटिकाची चकती प्रकाशाने किंचित वळते, हे मोजून दाखविले. पण ही झाली गिरकी. पीळ तो निराळा. पृथ्वीची दैनिक गती वेगळी आणि सूर्याभोवतीची वार्षिक गती वेगळी, तसाच हा भेद समजावा. गिरकीचे प्रकार दोनच, पिळाचे कितीही. लेसरच्या किरणात हा दुसऱ्या प्रकारचा पीळ निश्चित मापाने असतो, हे १९९२ साली हॉलंडातील लायडन येथे लेस अॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. २००४ साली ग्लासगो येथील मंडळींनी पिळांवरून मोकळ्या हवेत माहिती धाडून पाहिली. २०१२ साली अॅलन विल्नर ह्यांच्या कॅलिफोर्नियातील गटाने प्रयोगशाळेत सुमारे एक मीटर अंतरावर सेकंदास २.५६ टेराबिट एवढी माहिती पिळलेल्या किरणांनी नेली. पुढल्याच वर्षी बोस्टनचे सिद्धार्थ रामचंद्रन आणि विल्नर ह्यांच्या गटांनी मिळून मुद्दाम घडविलेल्या काचतंतूतून १.१ किलोमीटर अंतर सेकंदास १.६ टेराबिट माहिती पाठविली. २०१४ साली व्हिएन्ना नगरीवरून तीन किलोमीटर अंतर हिरव्या लेसरच्या पिळलेल्या किरणांनी मोझार्ट, बोल्ट्झमन व श्रोडिंगर ह्यांची चित्रे गेली. आणि २०१६ साली कॅनरी बेटांपैकी ला पाल्मा व तेनेरीफ ह्यांच्यामधील १४३ किलोमीटर समुद्रावरून एक लहानसा संदेश पोचला. आपल्याकडे अहमदाबादेच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत अशा भोवऱ्यासारख्या प्रकाशावर बरीच वर्षे काम चालू आहे.

येथवर वाचून कोणास वाटेल की उद्याच आपल्या गल्लीतील तारेत पिळाचा प्रकाश वाहू लागेल. तसे नाही, आणि हे मी दादांपासून लपविले नाही. आरंभी सांगितलेली म्हण येथे उलटी पडते. साध्या काचतंतूत सुंभ राहतो पण पीळ जातो. त्याचा इवलासा गाभा ज्या लहरीसाठी घडविलेला आहे तीत पिळास जागाच नसते. आणि गाभा रुंद केला तर तंतूच्या लहानशा वाकण्याने वा दाबाने एका पिळाचा प्रकाश दुसऱ्यात शिरतो. म्हणूनच बोस्टनच्या प्रयोगास वेगळा तंतू घडवावा लागला, आणि जगभर पुरलेल्या कोट्यवधी किलोमीटर तंतूंत ती सोय नाही. मोकळ्या हवेत निराळी अडचण. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर हवा थरथरताना दिसते. तशी थरथर किरणाच्या वाटेत आली की जिन्याच्या पायऱ्या वेड्यावाकड्या होतात आणि निरोप एकमेकांत सांडतात. शिवाय जितका पीळ अधिक तितके ते कडे दूरवर जाता अधिक रुंदावते, आणि ते टिपण्यास तेवढेच मोठे भिंग लागते. जाणत्यांत ह्याविषयी एक वादही आहे. पीळ हा काही पूर्णपणे नवा गुण नव्हे, प्रकाशाच्या आडव्या छेदात जे अनेक आकार संभवतात त्यांची वर्गवारी करण्याची ती एक रीत आहे. इतर आकार घेऊनही तितकेच निरोप नेता येतील, असे एक पक्ष म्हणतो. मला तो पक्ष बिनतोड वाटतो. पण ज्या रीतीने वर्गवारी सोपी होते ती रीतही मोलाची असते. वर्णमाला कंठ्य, तालव्य अशी लावली म्हणून नवे वर्ण उत्पन्न झाले नाहीत, पण शिकणाऱ्यास वाट मिळाली.

मग उपयोग काय? ह्या प्रश्नाचे जे उत्तर मी घरात दिले तेच येथे देतो. १९५४ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स आणि भारतातून तेथे गेलेले नरिंदरसिंग कपानी ह्यांनी काचेच्या बारीक तंतूंची जुडी करून तिच्यातून वाकड्या वाटेने चित्र नेऊन दाखविले. त्यावेळी तिच्यातून दूरदेशी निरोप धाडावा हे त्यांचे प्रयोजन नव्हते. त्या जुडीचा पहिला मोठा उपयोग झाला तो वैद्यकात. १९५७ साली बेझिल हिर्शोविट्झ ह्यांनी अमेरिकेत अशाच तंतूंची लवचीक नळी करून रोग्याच्या जठरात आतून पाहिले. निरोपांसाठी शुद्ध काचेचा तंतू वापरता येईल असे चार्ल्स काव ह्यांनी मांडले ते १९६६ साली, आणि त्यास नोबेल पारितोषिक मिळाले ते २००९ साली. दादांची गेल्या वर्षी पोटाची दुर्बीण झाली होती. ती ज्या नळीने केली तिचा मूळ पुरुष आणि आपल्या घरात येणाऱ्या तंतूचा मूळ पुरुष एकच, हे सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे डॉक्टरच्या हातात देणारे कोणी तरी दुसरेच असते.”

ह्यावर मी विजय मानला नाही, कारण त्यांच्या दुःखास हे उत्तर पुरे पडत नाही. वहिनींस त्या रात्री हवा होता तो जवळ असलेला वैद्य; काचेची जुडी नव्हे. आमच्या भागास डॉक्टर हवेत हे म्हणणे आजही तितकेच खरे आहे, आणि लातुरास शिकणाऱ्या मुलांपैकी काहींनी तरी तिकडे परतावे अशी माझीही इच्छा आहे. मात्र एका घराची उणीव भरून काढण्याचे ओझे जिचे मन दुसरीकडे लागले आहे अशा मुलीच्या खांद्यावर ठेवले, तर गावास एक नाखूश डॉक्टर मिळेल आणि विज्ञानास एक हौशी विद्यार्थिनी अंतरेल. लायडनच्या अॅलन ह्यांस १९९२ साली कोणी उपयोग विचारला असता तर माहितीचे आकडे सांगता आले नसते. ते आकडे वीस वर्षांनी आले. अशा कामात पेरणारा एक आणि कापणारा दुसरा असतो. शेती करणाऱ्या आपल्या मुलखास हे निराळे शिकवावयास नको.

नातीने वैद्यकीच्या परीक्षेची तयारी सोडलेली नाही. आयसरच्या प्रवेशपरीक्षेचाही अर्ज ती भरणार आहे. निकाल काय लागेल ते लागो. दोन्हीकडे दार उघडले तर पुण्यास जावे, असे माझे मत मी घरात सांगून ठेवले आहे. दादांनी अद्याप आपले मत दिलेले नाही, आणि मी त्यांस घाई करणार नाही. परवा त्यांनी तिला जवळ बसवून देवघरातील वात दाखविली व विचारले, “ह्या ज्योतीस पीळ असतो काय?” ती म्हणाली, “नाही, आजोबा. वातीस असतो. ज्योतीच्या प्रकाशास तो मुद्दाम द्यावा लागतो.” पुढे अर्धा तास ती त्यांस कागदावर जिने काढून दाखवीत होती आणि ते ऐकत होते.

आमच्यासारख्या अनेक घरांत आज ना उद्या असे मूल निघेल आणि ज्याचे नावही आपण ऐकलेले नाही असा विषय सांगेल. त्यास होकार द्या असे मी म्हणत नाही. दोन महिने खर्चून तो विषय काय आहे एवढे समजून घ्यावे, तो समजावून देण्याचे काम त्या मुलाकडेच सोपवावे, आणि मग मत द्यावे. विषय न समजता दिलेला नकार मुलांस फार दिवस बोचतो, आणि आपल्यासही.